डुब्रोव्हनिक ते मिलान : बोश्कोविचच्या मागे दहा दिवस

अकरावी-बारावीला २८ वर्षं फिजिक्स शिकवलं आणि दरवर्षी फळ्यावर एक आलेख न चुकता काढला. आडव्या रेषेवर दोन रेणूंमधलं अंतर, उभ्या रेषेवर बल. फार जवळ आले की ढकलतात, जरा लांब गेले की ओढतात आणि मध्ये एक जागा असते जिथे बल शून्य. हा आलेख पुस्तकात असतो, पण तो पहिल्यांदा कोणी काढला हे पुस्तकात नसतं आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. रिटायर झाल्यावर निवांत वाचायला बसले तेव्हा कळलं की असला आलेख १७५८ साली व्हिएन्नात छापलेल्या एका लॅटिन पुस्तकात आहे आणि काढणारा माणूस जेझुइट ह्या ख्रिस्ती संघाचा पाद्री, रुजेर बोश्कोविच. रोमच्या कॉलेजात तो गणिताचा प्राध्यापक होता, म्हणजे पद गणिताचं होतं, पण डोकं सगळं फिजिक्समध्ये. पुस्तकाचं नावच मुळी निसर्गाच्या तत्त्वज्ञानाचा सिद्धांत, आणि तेव्हा फिजिक्सला हेच म्हणायचे.

मग घरात जाहीर केलं की युरोपला जायचं तर ह्या माणसाच्या गावाहून, क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकहून सुरुवात करायची. हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, त्यांना म्हटलं ह्याने रोमच्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाचे तडे तपासलेत, तर लगेच तयार झाले. भाची मिलानला शिकते, ती रोमपासून आमच्याबरोबर येणार होती.

दिवस १, सोमवार

मुंबईहून इस्तंबूल, तिथे पाच तास थांबून डुब्रोव्हनिक. इस्तंबूलच्या विमानतळावर चहा घेताना ह्यांना सांगत होते की बोश्कोविच इथे आला होता १७६१ च्या नोव्हेंबरात. त्या वर्षी ६ जूनला शुक्र सूर्यावरून सरकताना दिसणार होता, ते बघायला तो तुर्कस्तानकडे निघालेला, पण वाटेत उशीर होत गेला आणि शुक्र निघून गेल्यावर हा पोचला. वर आजारी पडला. पुढच्या मे महिन्यात इंग्लंडचा राजदूत परत निघाला त्याच्या काफिल्याबरोबर बल्गेरिया, मोल्दाव्हिया करत पोलंडला गेला आणि रोज काय पाहिलं ते लिहून ठेवलं, गाव, रस्ते, मुक्काम सगळं. ती रोजनिशी नंतर छापली गेली. मीही तेव्हाच वही काढली आणि ठरवलं की रोज रात्री लिहायचंच, कितीही दमलो तरी.

डुब्रोव्हनिकला उतरलो तर विमानतळाचं नावच रुजेर बोश्कोविच! वाचलेलं होतं तरी पाटीवर मोठ्या अक्षरात बघितल्यावर गळ्यात आवंढा आला. शास्त्रज्ञाच्या नावाचा विमानतळ. एक बॅग आली नाही, तीच नेमकी ज्यात मेतकूट, धपाटे आणि ह्यांच्या बीपीच्या गोळ्या. गोळ्यांची एक पट्टी पर्समध्ये होती म्हणून निभावलं. बॅग दुसऱ्या दिवशी रात्री मिळाली.

दिवस २

सकाळी सातलाच जुन्या गावात शिरलो कारण नऊनंतर क्रूझची माणसं येतात असं हॉटेलवाल्या बाईने सांगितलेलं. तटबंदीच्या आत गाडी नाही, दगडी फरशी पायांनी घासून घासून अशी गुळगुळीत झालीय की पाणी सांडल्यासारखी चमकते, ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता.

गुंडुलिच चौकात सकाळचा बाजार भरतो, सुके अंजीर, संत्र्याच्या सालींची साखरेतली पट्टी, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या. तिथूनच वर रुंद दगडी पायऱ्या जातात, जेझुइट पायऱ्या. रोमचा पिएत्रो पास्सालाक्वा म्हणून वास्तुकार होता त्याने १७३८ साली बांधल्या. वर चढलं की जो चौक लागतो त्याचं नाव बोश्कोविच चौक, समोर संत इग्नेशियसचं चर्च आणि त्याला लागून जेझुइटांचं जुनं कॉलेज, जिथे हा पोरगा शिकला. जन्म १८ मे १७११, बाप व्यापारी, आईचं घराणं मूळचं इटालियन, घरात नऊ भावंडं. चौदा वर्षांचा असताना त्याला रोमला पाठवलं. म्हणजे पायऱ्या तेव्हा नव्हत्याच! मी पहिल्या पायरीवर उभी राहून मनात काय काय कल्पना करत होते की इथे तो उड्या मारत उतरला असेल, आणि मग साल आठवलं. रोमला गेल्यावर तो घरी फक्त एकदा आला, १७४७ मध्ये. ह्या पायऱ्या चढला असेल तर त्या वेळी, छत्तीस वर्षांचा, पाद्र्याच्या काळ्या झग्यातला प्रोफेसर.

धाकटी बहीण अनीत्सा इथेच राहिली, ती कविता करायची, दोघांचा पत्रव्यवहार आयुष्यभर चालू होता. मला ह्या बहिणीबद्दल फार वाटतं. भाऊ लंडन, पॅरिस, व्हिएन्ना हिंडतोय, मोठमोठ्या लोकांशी बोलतोय आणि ही ह्या तटबंदीच्या आत बसून त्याच्या पत्राची वाट बघतेय. ती १८०४ पर्यंत जगली, भाऊ गेल्यावर आणखी सतरा वर्षं.

चर्चमध्ये अर्धा तास बसलो. बाहेर पायऱ्यांवर एका परदेशी सिरियलचं शूटिंग झालं होतं म्हणून तरुण मुलांचे घोळके फोटो काढत होते. एका मुलीला मी सांगितलं की वरच्या चौकाला ज्याचं नाव आहे तो कोण होता माहितेय का, ती म्हणाली नाही, मग पाच मिनिटं माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत ऐकून घेतलं तिने आणि शेवटी पाटीचाही फोटो काढला.

दिवस ३

तटबंदीवरून फेरी, ऊन फार. एका जुन्या नाण्यांच्या दुकानात १९९१ ची क्रोएशियन दिनारची नोट मिळाली, देश नुकताच वेगळा झाला तेव्हाची, आणि तिच्यावर बोश्कोविच. त्याच वर्षी ह्या गावावर तोफा डागल्या जात होत्या. नवा देश, पैसा छापायला काढलाय, आणि चेहरा निवडला तो एका प्रोफेसरचा. नोट वहीत ठेवलीय.

रात्री बारीची बोट. केबिन केली होती, झोप बरी लागली.

दिवस ४

बारीला उतरून ट्रेनने रोम. दुपार प्रवासातच गेली. स्टेशनवर भाची आली होती, तिने आल्या आल्या पहिलं विचारलं, "मावशी, धपाटे आणलेस ना?"

दिवस ५

सकाळी क्विरिनाल टेकडीवरचं सांत आंद्रेआ. जेझुइट व्हायला आलेली मुलं इथे उमेदवारीला राहायची, बोश्कोविच १७२५ मध्ये इथेच आला. आताचं चर्च बेर्निनीचं, लंबवर्तुळाकार, छोटंसं, गुलाबी संगमरवर आणि वरून सोनेरी उजेड. मला इथे यायचं होतं त्याला अजून एक कारण होतं. आपले फादर स्टीफन्स, ख्रिस्तपुराण लिहिणारे, मराठीची थोरवी गाणारे, तेसुद्धा १५७५ साली ह्याच सांत आंद्रेआत दाखल झाले आणि चार वर्षांनी गोव्याला उतरले. इमारत तेव्हाची नव्हे, पण जागा तीच. एका दारातून आत गेलेला एक माणूस आमच्या भाषेत पुराण लिहितो आणि दीडशे वर्षांनी त्याच दारातून गेलेला पोरगा अणूंमधल्या बलाचा आलेख काढतो. मी तिथे शेवटच्या बाकावर बसून ख्रिस्तपुराणातल्या पाठ असलेल्या ओव्या हळू आवाजात म्हटल्या. चर्चमध्ये आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

तिथून चालत कॉलेजियो रोमानो, म्हणजे जेझुइटांचं रोममधलं कॉलेज. अवाढव्य इमारत, आता तिच्यात सरकारी ऑफिस आणि शाळा आहे, आत सोडत नाहीत. इथे तो शिकला आणि १७४० पासून इथेच शिकवायला लागला. शाळा सुटायची वेळ होती, दप्तरं पाठीला लावून पोरं भसाभसा बाहेर पडत होती. मला बरं वाटलं की निदान अजून इथे वर्ग भरतात.

इथे शिकवणं सोपं नव्हतं. पृथ्वी फिरते हे त्याला पटलेलं, पण चर्चची बंदी, त्यामुळे सुरुवातीच्या लेखनात त्याला पृथ्वी स्थिर धरून मांडणी करावी लागायची. चर्चच्या बंदी घातलेल्या पुस्तकांच्या १७५८ च्या यादीतून सूर्य मध्यभागी मानणाऱ्या पुस्तकांवरची सरसकट बंदी गाळली गेली आणि त्यामागे बोश्कोविचच्या शब्दाचंही वजन होतं असं मानतात. मला एक शिक्षक म्हणून हे फार लागतं मनाला. खरं काय ते माहीत आहे आणि वर्गात उभं राहून दुसरंच बोलायचं, कसं वाटत असेल.

शेजारीच संत इग्नेशियसचं मोठं चर्च. ह्याला घुमट बांधायचा राहून गेला म्हणून आंद्रेआ पोत्सो ह्या जेझुइट चित्रकाराने सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवलाय. जमिनीवर एक गोल खूण आहे, तिच्यावरून वर बघितलं की पोकळ घुमट दिसतो आणि दहा पावलं पुढे गेलं की सगळं तिरकं होतं. हे म्हणाले, "पण खांब बघ, खांब खऱ्या घुमटाच्या हिशोबाने बांधलेत." बरोबर तेच बोश्कोविचच्या लक्षात आलेलं! घुमट नाही पण त्याचं वजन पेलायला बांधलेले खांब तयार आहेत, हलणार नाहीत, मग त्यांच्यावर वेधशाळा बांधा असा त्याचा आराखडा होता. त्याच्या हयातीत झालं नाही, पण शंभर वर्षांनी फादर सेक्की ह्या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने ह्याच चर्चच्या डोक्यावर वेधशाळा उभारली आणि तिथून ताऱ्यांचे वर्णपट पाहिले.

दिवस ६

हा दिवस ह्यांचा. सेंट पीटरच्या घुमटावर ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. आम्ही लिफ्ट घेतली. लिफ्ट सोडल्यावर आधी आतल्या कठड्यावर नेतात, खाली वेदी आणि माणसं मुंग्यांएवढी. तिथून पुढे दोन कवचांच्या मधून वाट आहे, घुमट दुहेरी आहे ना, आतलं कवच आणि बाहेरचं, आणि त्या पोकळीतून जिना जातो. भिंत वाकत वाकत डोक्यावर येते, म्हणजे आपण सरळ उभे राहूच शकत नाही, एका बाजूला कलून चालायचं. गरम होतं आणि मागून लोक येतच असतात. ह्यांनी एका वळणावर थांबून भिंतीला तळहात लावला, नेहमीची सवय, धरणाच्या गॅलरीतही असेच करायचे.

झालं होतं असं की मायकेलअँजेलोचा हा घुमट १५९० मध्ये पुरा झाला, आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्याला खालून वर उभे तडे गेले. रोममध्ये हाकाटी की घुमट पडणार. पोप बेनेडिक्ट चौदावे, त्यांनी १७४२ मध्ये तीन गणितज्ञांना बोलावलं, ल स्यूर आणि झाकिए हे दोन फ्रेंच पाद्री आणि तिसरा एकतीस वर्षांचा बोश्कोविच. ह्या तिघांनी वर चढून एकेक तडा बघितला, नोंदवला, नकाशे काढले आणि मग जे केलं ते त्या आधी बांधकामात फारसं कोणी केलेलं नव्हतं, म्हणजे अंदाज, अनुभव, गुरूने सांगितलेलं प्रमाण ह्यावर न थांबता हिशोब मांडला. घुमटाच्या माथ्यावरच्या दगडी मनोऱ्याचं आणि कवचांचं वजन किती, ते खाली बसताना पायथ्याला बाहेर किती ढकलतं, आणि त्या ढकलण्याला आवरायला लोखंड किती लागेल.

ह्यांनी भाचीला ते एकदम छान समजावलं. म्हणाले, "बैलगाडीचं चाक बघितलंयस ना? लाकडी चाकाला लोहार तापवून लोखंडी धाव बसवतो, गार झाली की आवळते आणि सगळे आरे जागेवर राहतात. घुमट म्हणजे आडवं ठेवलेलं तसलंच चाक, खालून फाकायला बघतंय, त्याला धाव पाहिजे."

तिघांनी तेच सांगितलं, लोखंडी कडी घाला. लोकांनी टीका पण केली की मायकेलअँजेलोला गणित येत नव्हतं तरी घुमट उभा राहिला, मग दुरुस्तीला गणितज्ञ कशाला हवेत. मग पादुआहून पोलेनी ह्या प्राध्यापकाला बोलावलं, त्याने साखळी टांगून तिचा झोल आणि घुमटाचा आकार ताडून पाहिला, त्याचं मत इतकं घाबरवणारं नव्हतं, पण कडी घालावीत ह्यावर त्याचंही एकमत. १७४३-४४ मध्ये वान्वितेल्ली ह्या वास्तुकाराने पाच कडी घातली, आणि आतलं एक जुनं कडं तुटलेलं निघाल्यावर सहावं. ती बाहेरून दिसत नाहीत. मी मुद्दाम शोधत होते तेव्हा हे म्हणाले की चांगली दुरुस्ती दिसत नसतेच.

वर पोचल्यावर सगळं रोम. गुडघे थरथरत होते पण अर्धा तास हललो नाही. आपण ज्या दगडावर उभे आहोत तो ह्या माणसाने हिशोबात धरला होता हे सारखं डोक्यात.

दिवस ७, रविवार

व्हिया आप्पिया, रोमहून निघणारा प्राचीन रोमन रस्ता. रविवारी जुन्या रस्त्यावर वाहनं बंद असतात म्हणून आजचा दिवस राखून ठेवला होता. चेचिलिया मेतेल्लाची गोल कबर, बुरुजासारखी, तिथून रस्ता सरळ, म्हणजे अगदी दोरी लावून आखल्यासारखा फ्रात्तोक्कियेपर्यंत जातो, सुमारे १२ किलोमीटर. बोश्कोविचने ह्या सरळपणाचा उपयोग केला.

त्याला खरं ब्राझीलला जायचं होतं, पोर्तुगालच्या राजाला तिथे सर्व्हे करायचा होता. पोपने सांगितलं की तिकडे कशाला, इथेच आमच्या राज्याचा नकाशा कर आणि पृथ्वीवर एक अंश म्हणजे किती अंतर ते मोजून दे. तेव्हा सगळ्या युरोपात वाद चालू होता की पृथ्वी ध्रुवांना नेमकी किती चपटी आहे. बोश्कोविच आणि इंग्लिश जेझुइट क्रिस्टोफर मेअर हे दोघं १७५० ते १७५२ रोम ते रिमिनी हिंडले. रोम आणि रिमिनी जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, मध्ये साधारण दोन अंशांचं अंतर. पद्धत अशी की एक रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची, दांडे एकापुढे एक ठेवत ठेवत, आणि मग डोंगरांच्या माथ्यांवरून नुसते कोन घेत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचं. ती मोजलेली रेषा म्हणजे हा रस्ता.

हे म्हणाले, "अगं, हेच तर आपलं जीटीएस." आमच्याकडे कुठल्याही कॅनॉलचं काम काढलं की पहिलं शोधायचे जीटीएसचा बेंचमार्क, तो कोरलेला दगड, ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा. तीच पद्धत, बेसलाईन आणि त्रिकोण. मग मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. भारताच्या सर्व्हेत कल्याणपूर आणि कल्याणा ह्या दोन ठाण्यांमध्ये आकाशावरून काढलेलं अंतर आणि जमिनीवर मोजलेलं अंतर जुळेना, पाच विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक येत होता. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो म्हणून असेल असं वाटलं, पण प्रॅट नावाच्या गणितज्ञाने १८५५ च्या सुमारास हिशोब केला तर हिमालयाच्या आकाराने ओळंबा जितका ओढला जायला हवा त्यापेक्षा खूपच कमी ओढलेला निघाला. म्हणजे डोंगराखाली कुठेतरी वस्तुमान कमी पडतंय. आणि बोश्कोविचने शंभर वर्षं आधी ॲपेनाइन्समध्ये ओळंबे बघताना हाच विचार लिहून ठेवलाय, की डोंगर आतल्या उष्णतेने फुगून वर आले असावेत, त्यामुळे खाली पोकळी राहते आणि वरच्या जादा वस्तुमानाची भरपाई होते. हे रस्त्यातच थांबले. "भरपाई? हाच शब्द?" म्हणाले. हाच. मग दोन मिनिटं काही बोलले नाहीत, नुसते समोरच्या डोंगरांकडे बघत राहिले.

आम्ही चार किलोमीटर चाललो. रस्त्याचे जुने काळे दगड मधून मधून उघडे आहेत, रथांच्या चाकोऱ्या दिसतात. भाचीने फोनवर अंतर लावलं होतं आणि हे आपली पावलं मोजत होते, शेवटी दोघांचा फरक चाळीस मीटर आला. आज मोबाईल काढून एका सेकंदात कळतं, आणि त्यांनी इथे वाकून वाकून दांडे ठेवले. एक अंश म्हणजे १११ किलोमीटरच्या आसपास, हे त्यांचं उत्तर.

दिवस ८

रिमिनी. ट्रेन बदलताना तासभर रखडलो, बाकी ठीक. त्रिकोणांची साखळी इथे संपायची, आणि हिशोब पडताळायला इथल्या वाळूवर दुसरी रेषा मोजली होती. आता त्या किनाऱ्यावर नजर पोचेल तिथपर्यंत छत्र्या आणि खुर्च्या. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. मधल्या वाटेवरचे डोंगर, तेझियो, कात्रिया, कार्पेन्या, एकेकाच्या माथ्यावर खांब उभा करून पुढच्याचा कोन घ्यायचा आणि इथे समुद्राशी येऊन दोन्ही रेषा जुळतात का बघायचं. नंतर रिमिनीचं बंदर गाळाने भरायला लागलं तेव्हाही सल्ल्याला त्यालाच बोलावलं होतं, हे ऐकून ह्यांनी बंदराच्या धक्क्यावर जायचा आग्रह धरला आणि तिथे एक तास गाळाबद्दल बोलले.

रात्री खोलीवर भाची म्हणाली, "मावशी, तो आलेख समजाव ना नीट, तू सारखी आलेख आलेख म्हणतेस." हॉटेलच्या पॅडवर काढून दाखवला.

त्याची सुरुवात टकरीपासून होते. समजा एक गोळा ६ च्या वेगाने चाललाय आणि मागून तेवढ्याच वजनाचा दुसरा १२ च्या वेगाने येतोय, हे आकडे त्याचेच आहेत. मागचा पुढच्याला भिडला की दोघांचा वेग एक व्हायला पाहिजे, ९. पण दोन्ही पक्के कडक असतील तर भिडल्या क्षणी १२ चा ९ एकदम झाला, मधले ११, १० कुठे गेले? निसर्गात अशी उडी नसते, त्याची ह्यावर ठाम श्रद्धा. मग एकच वाट उरते, की ते भिडतच नाहीत. भिडण्याआधीच एकमेकांना ढकलायला लागतात आणि जितके जवळ तितकं जास्त ढकलतात, अंतर शून्याकडे गेलं की ढकलणं अमर्याद. आणि लांब गेलं की न्यूटनचं गुरुत्वाकर्षण आहेच, तिथे ओढ. एका टोकाला ढकलणं, दुसऱ्या टोकाला ओढणं, म्हणजे मध्ये रेषा अक्ष ओलांडणारच. त्याने ती एकदा नाही, अनेकदा ओलांडलेली दाखवलीय, साप गेल्यासारखी, आणि जिथे ओलांडते त्यातल्या काही जागा अशा की कण तिथून जरा हलला तर परत येतो. त्या जागांवर पदार्थ धरून राहतो. लोखंड लोखंड का राहतं, पाणी का वाहतं, सगळं ह्या एका रेषेतून काढायचा त्याचा प्रयत्न. आणि कण म्हणजे तरी काय, तर ज्याला लांबी रुंदी नाही असा नुसता बिंदू. बाकी सगळं बल.

भाचीने पेन घेऊन मधल्या एका जागी टिंब दिलं आणि विचारलं, इथे स्थिर ना? हो, तिथे स्थिर. पुढच्या ओलांडणीवर नाही, तिथून निसटेल. तिला लगेच कळलं. २८ वर्षांत काही मुलांच्या चेहऱ्यावर दिसायचा तो उजेड तिच्या चेहऱ्यावर दिसला आणि मला रडू आलं, खरंच.

सगळे तपशील पुढे टिकले नाहीत, पण फॅरडेने १८४४ मध्ये पदार्थाबद्दल लिहिताना बोश्कोविचच्या बिंदूंचा आधार घेतला, केल्व्हिननेही त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिलं. आणि एवढं पुस्तक त्याने लिहिलं कधी, तर लुक्का नावाच्या छोट्या राज्याच्या पाण्याच्या भांडणात वकिली करायला व्हिएन्नाला गेला होता, त्या मुक्कामात.

दिवस ९

मिलान. ब्रेरा म्हटलं की सगळे चित्रं बघायला जातात, आम्हीही गेलो पण आधी वेधशाळेचं म्युझियम. ही वेधशाळा बोश्कोविचने १७६४-६५ मध्ये आखली, तेव्हा ब्रेरा जेझुइटांचं कॉलेज होतं, आणि त्याने स्वतःचे पैसे घातले. तिथल्या सहकाऱ्यांशी खटके उडाले, शेवटी त्याला सोडावी लागली. आणि लगेच १७७३ मध्ये पोपने जेझुइट संघच बरखास्त केला. ज्या घरात चौदाव्या वर्षी आला ते घरच राहिलं नाही. गोव्यातून तर त्यांना पोर्तुगिजांनी १७५९ लाच हाकललं होतं. तो पॅरिसला गेला, फ्रेंच नौदलासाठी दुर्बिणी-भिंगांचं काम केलं. इथे मात्र त्याची वेधशाळा चालू राहिली, पुढच्या खगोलशास्त्रज्ञांपैकी ओरियानीने इथेच युरेनसची कक्षा मांडली आणि स्कियापारेल्लीने इथूनच मंगळ बघितला.

काचेच्या कपाटात पितळी यंत्रं. एका चाकाच्या कडेवर अंश कोरलेत, इतके बारीक की मी चष्मा काढून नाक काचेला लावलं तेव्हा रेघा सुट्या झाल्या. हाताने कोरलेल्या रेघा.

दिवस १०

शेवटचा दिवस. १३ फेब्रुवारी १७८७ ला तो मिलानमध्ये गेला. शेवटी शेवटी मन थाऱ्यावर राहिलं नव्हतं, ते वाचताना फार वाईट वाटतं, इतकं लख्ख डोकं. सांता मारिया पोदोने ह्या चर्चमध्ये पुरलं. बोर्रोमेओ चौकात आहे, छोटंसं, गर्दीपासून बाजूला, पर्यटक कोणी नाही. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद. अर्धा तास थांबलो, उघडलं नाही, आणि विमान संध्याकाळचं.

मी आणलेली फुलं दाराशी ठेवली. भाचीने पॅडवरचा तो आलेख फाडून आणला होता, तो घडी करून फुलांखाली सरकवला. हे तोवर बाजूच्या भिंतीपाशी गेले होते, एका उभ्या रेघेवरून बोट फिरवत वर बघत होते. परत आले आणि म्हणाले, "प्लॅस्टरचाच तडा आहे, केसाएवढा. भिंत पक्की आहे."

मग ट्राम पकडली.